शाळेला नको, वर्गाला दाखवा : सांगली जिल्ह्यातील मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

बालदिनाच्या आसपास किंवा सहामाही परीक्षा संपली की आपल्या शाळांत एखादा चित्रपट दाखवला जातो. पाचवी ते दहावीची तीन-चारशे मुलं एका हॉलमध्ये बसवली जातात. खिडक्यांतून ऊन येत असतं, पडद्याच्या जागी चादर असते आणि आवाज प्रोजेक्टरच्या पोटातल्या टिचभर स्पीकरमधून येत असतो. चित्रपट परदेशी असला तर खाली इंग्रजी ओळी पळतात, त्याही पुढच्यांच्या डोक्यांआड जातात. विसाव्या मिनिटाला गलका सुरू होतो, शिक्षक उठून दटावतात आणि पुढच्या वर्षी 'मुलांना असलं काही कळत नाही' म्हणून तो बेतच रद्द होतो.

अशा परिस्थितीत मोठ्या माणसांनाही काही कळणार नाही. म्हणून आमची विनंती आहे : आठवी ते दहावीच्या मुलांना त्यांच्यासारख्याच वाढत्या वयाच्या मुलांवरचे जगभरातले चांगले चित्रपट दाखवा. सत्रातून एकच दाखवा, पण एका वेळी एकाच वर्गाला आणि नीट तयारी करून. ही तयारी कशी करायची, काय बिघडतं आणि का बिघडतं, ते आम्ही पुढे तपशिलात लिहीत आहोत.

या वयातल्या मुलाला घरात 'तू आता लहान नाहीस' आणि 'तू अजून लहान आहेस' ही दोन्ही वाक्यं एकाच दिवशी ऐकावी लागतात. इराण, फ्रान्स, न्यूझीलंड, सौदी अरेबिया, सगळीकडच्या दिग्दर्शकांना या दोन वाक्यांच्या मधली जागा खुणावत आली आहे. तिथली मुलं आटपाडीच्या किंवा शिराळ्याच्या मुलांना परकी वाटत नाहीत. परकी वाटते ती भाषा, आणि तिच्यावर इलाज आहे.

आधी निवडीबद्दल. किशोरवयीन मुलांवरचा चित्रपट आणि किशोरवयीन मुलांसाठीचा चित्रपट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळ्यात जास्त चुका इथे होतात. तुर्कस्तानातल्या पाच बहिणींवरचा 'मस्टँग' (२०१५) फार मोलाचा आहे, पण त्यात घरातलं लैंगिक शोषण आहे आणि आत्महत्या आहे. तो शिक्षकांनी आणि पालकांनी जरूर पाहावा, नववीच्या वर्गात लावू नये. 'बिली इलियट' (२०००) हा इंग्लंडमधल्या १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात बॅले शिकणाऱ्या मुलाचा चित्रपट. विषय मुलांचाच आहे, पण पात्रांच्या तोंडी इतक्या शिव्या आहेत की ब्रिटनमध्येही त्याला आधी पंधरा वर्षांवरच्यांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं होतं. 'बॉयहूड' (२०१४) त्याच कलाकारांना घेऊन बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने चित्रित झाला. कल्पना विलक्षण आहे, पण लांबी १६५ मिनिटं, म्हणजे चार तासिकांहून जास्त. पोस्टरवरचं लहान मूल पाहून कुठलाही चित्रपट निवडू नका. ज्या शिक्षकाने तो पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत दोनदा पाहिला आहे, त्यानेच तो दाखवावा. ब्रिटनचं प्रमाणपत्र मंडळ प्रत्येक चित्रपटाला कोणत्या कारणाने कोणती श्रेणी दिली ते आपल्या संकेतस्थळावर लिहितं, तेही वाचावं. मात्र त्यावर भागवू नये. शिराळ्याच्या वर्गात काय अवघड जाईल, हे लंडनला कळत नाही.

आठवीसाठी सुरुवातीला आम्ही अब्बास किआरोस्तामी यांचा 'खाने-ये दूस्त कोजास्त', म्हणजे 'मित्राचं घर कुठंय', सुचवतो. वर्ष १९८७, लांबी ८३ मिनिटं. उत्तर इराणमधल्या कोकेर गावचा आठ वर्षांचा अहमद शाळेतून घरी येतो आणि त्याला दिसतं की शेजारी बसणाऱ्या मित्राची वही चुकून आपल्याच दप्तरात आली आहे. त्या मित्राला गुरुजींनी बजावलेलं असतं की पुन्हा गृहपाठ वहीत नसला तर शाळेतून काढून टाकीन. मित्र राहतो टेकडीपलीकडच्या पोश्ते गावात. घर कुठलं ते अहमदला माहीत नाही, आणि आई म्हणते आधी गृहपाठ कर, मग भाकरी आण. बस, एवढीच गोष्ट. अहमद आठवीच्या मुलांपेक्षा लहान आहे, पण सुरुवातीला हेच सोयीचं पडतं. मुलं त्याच्याकडे धाकट्या भावासारखं पाहतात, त्यामुळे आपल्यावर कोणी बोट ठेवतंय असं त्यांना वाटत नाही.

या चित्रपटात वर्ग दोन ठिकाणी चुळबुळतो. एक, अहमद त्या नागमोडी वाटेने पळत टेकडी चढतो तेव्हा, कारण संवाद नसतो. तिथे शिक्षकाने काही बोलू नये. वाट दुसऱ्यांदा दिसली की मुलं आपोआप गप्प होतात, कारण आता ती वाट त्यांच्या ओळखीची झालेली असते. दुसरं ठिकाण आजोबांचं. ते शेजारच्याला सांगतात की लहानपणी वडील मला दर आठवड्याला एक नाणं द्यायचे आणि दर पंधरवड्याला एकदा मारायचे. नाणं द्यायचं ते कधीकधी विसरत, मारायचं मात्र कधी विसरले नाहीत. वर्ग इथे हमखास हसतो. हसू द्यावं. दुसऱ्या दिवशी चर्चा इथूनच सुरू होते.

या चित्रपटाचा आणखी एक फायदा फक्त आपल्या मुलांना मिळतो. फारसीत 'दफ्तर' म्हणजे वही. अहमद गावभर तोच शब्द घेऊन फिरत असतो. आपलं 'दप्तर' तिथूनच आलं. 'दूस्त' म्हणजे आपला दोस्त, आणि 'खाने' म्हणजे घर, तेच आपल्या दवाखान्यात आणि कारखान्यात आहे. चित्रपट लावण्यापूर्वी हे तीन शब्द फळ्यावर लिहा आणि मुलांना कान देऊन ऐकायला सांगा. पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी 'दफ्तर म्हणाला!' असं ओरडतं, आणि त्या क्षणापासून परकी भाषा ही अडचण राहत नाही, ती शोधायची गोष्ट होते.

आता त्या इलाजाकडे येतो. इंग्रजी उपशीर्षकं आठवी-नववीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना उपयोगी नाहीत. दोन ओळी चार-पाच सेकंद पडद्यावर राहतात. तेवढ्यात अक्षरं लावायची, अर्थ लावायचा आणि चेहरेही पाहायचे, हे जमत नाही, आणि मूल आधी चेहरे सोडतं. मग त्याने चित्रपट पाहिलाच नाही असं होतं. यावर उत्तर म्हणजे सूत्रधार. एक शिक्षक वर्गाच्या बाजूला बसून हलक्या आवाजात मराठीत सांगत जातो, मूळ आवाज खाली चालूच राहतो. यात कमीपणा काही नाही. बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात लहान मुलांच्या विभागात चित्रपट असेच दाखवले जातात : मूळ भाषा चालू आणि सभागृहात एक जण जर्मनमध्ये जिवंत बोलत असतो. आपल्या अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला २०१४ मध्ये त्याच विभागातलं क्रिस्टल बेअर हे पारितोषिक मिळालं, आणि ते देणारी ज्यूरी लहान मुलांची होती. तिथली मुलं मराठी चित्रपट असा पाहू शकतात, तर सांगलीची मुलं फारसी चित्रपट का पाहू शकणार नाहीत? आणि सूत्रधार आपल्याला कोणी शिकवायला नको. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' याच सांगलीत उभं केलं तेव्हा पदं म्हणत आख्यान पुढे नेणारा सूत्रधारच होता, पात्रं आपापली भाषणं ऐनवेळी करत. त्या गावाने ही रीत पुन्हा उचलली तर ती परकी वाटणार नाही.

सूत्रधाराने तयारी अशी करावी. पहिल्यांदा चित्रपट नुसता पाहावा. दुसऱ्यांदा थांबवत पाहावा आणि ताव घेऊन प्रसंगवार लिहावं : डाव्या बाजूला वेळ (मिनिट आणि सेकंद), मध्ये कोण बोलतंय, उजवीकडे मराठी. ८३ मिनिटांच्या चित्रपटाला सात-आठ पानं होतात. प्रत्येक वाक्याचं भाषांतर करू नये. चार वाक्यांच्या बोलाचालीतून एक वाक्य उचलावं, जे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही ते. बोलायचं ते पात्राचं बोलणं संपता संपता, त्याच्या अंगावर नाही. म्हणून वाक्य मूळ बोलण्यापेक्षा छोटं हवं. मराठी हवी ती वर्गातल्या मुलांची. 'वही जवळ नसल्यास त्यास शाळेतून निष्कासित करण्यात येईल' असं लिहिलेलं आम्ही पाहिलं आहे. 'वही नसली तर त्याला शाळेतनं काढतील' एवढं पुरतं. जत भागात बरीच मुलं घरी कन्नड बोलतात. तिथे मराठी आणखी सोपी ठेवावी.

तीन चुका मात्र कटाक्षाने टाळाव्यात. पडद्यावर दिसतंय ते सांगू नये. 'आता तो पळतोय' हे मुलांना दिसतंच. भावना सांगू नये. 'त्याला फार वाईट वाटलं' असं म्हटलं की मुलाचं पाहणं तिथेच थांबतं. आणि नाट्य करू नये. वेगवेगळे आवाज काढले की वर्ग सूत्रधाराकडे पाहायला लागतो. एकच सपाट, स्वच्छ आवाज ठेवावा. बसायची जागा मुलांच्या मागे, एका कोपऱ्यात, हातात झाकलेला छोटा दिवा. पुढे उभं राहिलं की सावली पडते आणि तासही 'शिकवण्याचा' होतो. माईक लावावाच लागला तर वेगळ्या स्पीकरवर लावावा. चित्रपटाच्याच स्पीकरमधून तोही आला तर पात्राचा आवाज आणि सूत्रधाराचा आवाज एकमेकांत मिसळतात.

दहावीला लेखी मराठी उपशीर्षकंही चालतात. ती बनवायला वेळ लागतो : साध्या चित्रपटातही सहा-सातशे ओळी सहज असतात. उपशीर्षकांची फाइल युटीएफ-८ मध्ये (देवनागरी अक्षरं नीट साठवणाऱ्या पद्धतीत) जतन करावी, नाहीतर पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. फाइलचं नाव आणि चित्रपटाच्या फाइलचं नाव अगदी एकच ठेवावं. ओळी आधी-नंतर येत असतील तर कारण दोनपैकी एक असतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर चित्रपट चालवायच्या व्हीएलसी प्रोग्रॅममध्ये 'जी' आणि 'एच' या कळांनी तो काढता येतो. फरक वाढत जात असेल तर फाइल वेगळ्या फ्रेमगतीच्या (सेकंदाला किती चित्रं, त्या हिशेबाच्या) प्रतीसाठी केलेली आहे; २५ आणि २३.९७६ च्या गोंधळात तासाभरात अडीच मिनिटांचा फरक पडतो, आणि तो कळा दाबून जात नाही. फाइलच बदलावी लागते. हे चित्रपटाच्या दिवशी कळून उपयोग नाही. म्हणून पहिलं, मधलं आणि शेवटचं मिनिट आदल्या दिवशी तपासावं. अशी उपशीर्षकं वर्गापुरतीच ठेवावीत, इंटरनेटवर टाकू नयेत.

पुढचे चित्रपट थोडक्यात सांगतो. माजिद मजिदी यांचा 'बच्चेहा-ये आसेमान' (१९९७, ८९ मिनिटं) सगळ्यात सोपा, अगदी पहिल्यांदा पाहणाऱ्या वर्गालाही चालतो. भावाकडून बहिणीचे बूट हरवतात, आणि तिची शाळा सकाळची, त्याची दुपारची असल्यामुळे दोघं एकच जोडी वाटून घालतात. दोन पाळ्यांची शाळा आपल्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. धावण्याच्या शर्यतीत तिसऱ्या क्रमांकाला बूट आहेत, आणि मुलगा पहिला येतो. तो पहिला येऊन रडतो, तिथे सूत्रधाराने तोंड मिटून बसावं.

हैफा अल-मन्सूर यांचा 'वज्दा' (२०१२, ९८ मिनिटं) आठवी-नववीला. पूर्णपणे सौदी अरेबियात चित्रित झालेला हा पहिला कथापट मानला जातो, आणि दिग्दर्शक बाई आहे. रियाधच्या रस्त्यांवर पुरुषांमध्ये उघड वावरता येत नसल्यामुळे त्यांनी अनेक दृश्यांचं दिग्दर्शन गाडीत बसून वॉकीटॉकीवरून केलं. त्या देशात तेव्हा चित्रपटगृहंच नव्हती; ती २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. दहा वर्षांच्या वज्दाला हिरवी सायकल हवी असते आणि त्यासाठी ती कुराणपठणाच्या स्पर्धेत उतरते. इथे एक धोका आहे, तो स्पष्टच लिहितो. चर्चा 'त्यांच्यात असंच असतं' या वाक्याकडे घसरते, आणि कधीकधी शिक्षकच ती घसरवतात. चित्रपट तिथेच वाया जातो. वज्दाचे वडील मुलगा हवा म्हणून दुसरं लग्न करतात, हे मुलांच्या लक्षात आलेलं असतं. मुलांना विचारा : आपल्या गावात मुलगा हवा म्हणून काय काय केलं जातं? मुलींना सायकल मिळते, पण अंधार पडल्यावर ती चालवू कोण देत नाही? वर्ग आपोआप आपल्या अंगणात परत येतो.

त्यालाच जोडून नववीला निकी कारो यांचा 'व्हेल रायडर' (२००२, १०१ मिनिटं). न्यूझीलंडच्या माओरी जमातीतली पाई. तिच्या जुळ्या भावाचा जन्मतःच मृत्यू झालेला, आणि आजोबांना जमातीच्या नायकपदासाठी मुलगाच हवा आहे. ते गावातल्या पोरांना काठीची विद्या शिकवतात आणि नातीला बाहेर बसवतात. तालमीच्या या जिल्ह्यात हे दृश्य आणखी काही न सांगता कळतं. भूमिका करणारी केशा कॅसल-ह्यूज हिला तेराव्या वर्षी उत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं होतं. शाळेच्या समारंभात आजोबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर ती भाषण करते, तो प्रसंग सलग पाहू द्यावा; तेव्हा दार उघडून कोणी नोटीस वाचायला आलं तर सगळं विस्कटतं. त्या दिवशी दारावर शिपाई उभा करा. एका ठिकाणी अमली पदार्थाचा ओझरता संदर्भ आहे, तो पालकांना आधी सांगून ठेवावा.

दहावीला फ्रान्स्वा त्रुफो यांचा 'ले कात्र साँ कू' (१९५९, ९९ मिनिटं, कृष्णधवल). 'द फोर हंड्रेड ब्लोज' या इंग्रजी नावावरून मराठीत याला 'चारशे फटके' म्हणतात, ते चूक आहे. फ्रेंचमध्ये तो वाक्प्रचार आहे, अर्थ साधारण 'नुसता धुडगूस घालणं'. अँत्वान नावाचा पॅरिसचा मुलगा शाळा बुडवतो, आणि गुरुजींनी कारण विचारल्यावर 'आई वारली' असं सांगून मोकळा होतो. पुढे वडिलांच्या ऑफिसातला टाइपरायटर चोरतो, विकला जात नाही म्हणून परत ठेवायला जातो आणि तेव्हाच पकडला जातो. चोरताना पकडला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. परत ठेवताना पकडला जाणं, हेच त्या वयाचं दुखणं त्रुफोंनी नेमकं धरलं आहे. हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, यासाठी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्यांना दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. सुधारगृहातल्या मानसशास्त्रज्ञ बाईंसमोरच्या प्रसंगात झाँ-पिएर लेओ या मुलाने बरीचशी उत्तरं स्वतःच्या मनाने दिली आहेत. त्यातला एक प्रश्न लैंगिक अनुभवाबद्दल आहे. तो कापू नये, पण पालकसभेत आधी सांगावा. कापलं की मुलं तो भाग घरी जाऊन शोधतात आणि उरलेला चित्रपट विसरतात. शेवट समुद्रावर होतो, अँत्वान वळून आपल्याकडे पाहतो आणि चित्र गोठतं. तिथे लॅपटॉप अडकला असं समजून ऑपरेटर बटणं दाबायला जातो. त्याला आधी सांगून ठेवा.

आता यंत्रांबद्दल. वर्गात ५५ इंची टीव्ही असेल आणि मुलं तीस-पस्तीस असतील तर प्रोजेक्टर शोधत बसू नका. पहिली रांग पाच फुटांवर, शेवटची बारा-तेरा फुटांवर, झालं. प्रोजेक्टरच लावायचा तर आठ फूट रुंदीचं चित्र पुरे, उंची साडेचार फूट होते. साध्या प्रोजेक्टरला त्यासाठी बारा ते सोळा फूट अंतर लागतं. चादरीपेक्षा चुन्याची सपाट पांढरी भिंत बरी : चादरीतून उजेड मागे जातो आणि सुरकुत्यांत अक्षरं वाकतात. चुन्यात नीळ मात्र घालू नका, चेहरे निळसर दिसतात. मुलं सतरंजीवर बसणार असतील तर चित्राची खालची कड जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर हवी. पडदा भरावा म्हणून चित्र ताणू नका. त्रुफोंचा चित्रपट खूप रुंद चौकटीचा आहे, वर-खाली काळे पट्टे दिसणारच.

तीन-साडेतीन हजार ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे प्रकाशाचं माप) प्रोजेक्टर उजेडात फिका पडतो, आणि कृष्णधवल चित्रपट तर दिसतच नाही. म्हणून खिडक्या झाकाव्या लागतात, पण निळ्या ताडपत्रीतून उजेड गाळून येतो. आपल्याकडे याहून चांगली वस्तू शेतावर पडलेली असते : पिकाच्या वाफ्यांवर अंथरायचा चंदेरी-काळा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर. चार फूट रुंदीचा येतो. दोन पट्ट्या सहा इंच एकमेकींवर चढवून खिडकीला चिकटपट्टीने लावा, चंदेरी बाजू बाहेर, म्हणजे ऊन परतून जातं आणि खोली तापत नाही. पडद्यासमोरच्या भिंतीवरचा एक झरोका हवेसाठी उघडा ठेवला तर उजेड थेट चित्रावर पडतो. म्हणून झरोका पडद्याच्याच बाजूच्या भिंतीतला उघडावा. पत्र्याची शाळा असेल तर जून ते सप्टेंबर चित्रपट ठेवू नका. पावसापुढे कुठलाच स्पीकर टिकत नाही.

आवाजासाठी शाळेचा कर्णा वापरू नका. तो मैदानातल्या घोषणांसाठी असतो, त्यातून माणसाचं कुजबुजणं कर्कश होतं. दोन पेटी-स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या मुलाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. फरशीच्या मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. मागच्या भिंतीवर चार वाकळा टांगल्या की घुमणं निम्मं होतं. स्पीकरमधून एकसारखी घूं येत असेल तर बहुतेक वेळा लॅपटॉपचा चार्जर आणि अँप्लिफायर वेगवेगळ्या बोर्डांवर आहेत. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या, किंवा लॅपटॉप बॅटरीवर चालवा. एचडीएमआय केबल लावली की आवाज गुपचूप प्रोजेक्टरकडे जातो. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये आवाज पुन्हा हेडफोनच्या खाचेकडे वळवावा लागतो. या एका गोष्टीपायी कार्यक्रमाची पहिली वीस मिनिटं जातात.

वीज गेली आणि प्रोजेक्टर दिव्याचा असला तर वीज आल्यावरही तो थंड होईपर्यंत लागत नाही, आणि पंखा मध्येच थांबल्यामुळे दिव्याचं आयुष्य कमी होतं. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि छोटा अँप्लिफायर मिळून चारशे वॉटच्या आसपास घेतात. १५० अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीवर, भार झेपेल असा इन्व्हर्टर असेल तर, दोन-अडीच तास निघतात. इन्व्हर्टर आधीपासूनच जोडलेला असावा.

कायद्याबद्दल एकच सांगतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेच्या कामकाजात चित्रपट दाखवायला सवलत आहे. अट अशी की प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी थेट संबंधित माणसंच असावीत. तिकीट नको, चौकात फलक नको, गावाला आमंत्रण नको. प्रत अधिकृत घ्या. घरगुती ओटीटी खात्याच्या करारात सहसा घरापुरतंच पाहण्याची अट असते. टेलिग्रामवरून उतरवलेली फाइल शाळेत चालवू नये. मुलांना आपण चोरी न करण्याबद्दल सांगतो, म्हणून तर नाहीच नाही.

वेळ शनिवारी सकाळची किंवा तीन तासिका जोडून ठेवा. मध्ये थांबावंच लागलं तर घंटेप्रमाणे थांबू नका, प्रसंगाप्रमाणे थांबा. अहमदच्या चित्रपटात तो पोश्तेची पहिली फेरी करून कोकेरला परत येतो, तिथे थांबता येतं. चित्रपट संपल्यावर दिवे लगेच लावू नका, नावं सरकू द्या. आणि त्याच दिवशी चर्चा नको.

चर्चा दुसऱ्या दिवशी, एक तासिका, गोल बसून. 'यातून काय शिकलात' आणि 'तात्पर्य लिहा' या दोन्ही गोष्टींवर कृपा करून बंदी घाला. निबंध लिहायचा आहे हे मुलांना आधी कळलं तर ती चित्रपट पाहत नाहीत, निबंध शोधतात. प्रश्न मोजता येतील असे असावेत. अहमदचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी मोठी माणसं किती? अँत्वान किती वेळा खरं बोलतो, आणि त्यावर कितीदा विश्वास ठेवला जातो? मुलं मोजायला लागली की वाद घालतात, आणि वाद घालता घालता मनातलं बोलतात. आधी दोघा-दोघांनी बोलावं, मग सगळ्यांनी. नाहीतर पहिल्या बाकावरची चारच बोलतात. तीन मिनिटांचा एखादा प्रसंग आवाज बंद करून पुन्हा दाखवा. कॅमेरा कोणाच्या उंचीवर आहे, ते तेव्हा दिसतं.

'तुमच्या घरी असं होतं का' असं भर वर्गात कधीही विचारू नये. पण चित्रपट पाहून एखादं मूल शिक्षकाला एकटं गाठून काही सांगतं, असं होतं. त्यासाठी तयार असायला हवं. मारहाण, उपाशी ठेवणं, लग्न ठरवणं असलं काही असेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा फोन नंबर आहे. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवणं शिक्षकावर बंधनकारक आहे. 'घरातलं घरात मिटवा' हा पर्याय तिथे नाही. मुलाला सगळ्यांसमोर बोलावून विचारपूस करू नये आणि त्याने सांगितलेलं शिक्षककक्षात सांगत फिरू नये.

आपल्याकडून आम्हाला हवं आहे ते एवढंच : प्रत्येक सत्रात एका वर्गासाठी सलग तीन तासिका आणि दुसऱ्या दिवशीची एक. सूत्रधार शिक्षकाला तयारीसाठी दोन दुपारी इतर कामातून सवलत. चार-पाच शाळांनी मिळून एकच संच घ्यावा आणि तो फिरवावा, कारण वर्षातून दोनदा काढलेल्या प्रोजेक्टरची जाळी धुळीने बंद होते आणि तो मधेच तापून विझतो. संचात तीन-पिनी एक्स्टेंशन, दहा मीटरची एचडीएमआय केबल, हेडफोनच्या खाचेतून अँप्लिफायरला जाणारी तार आणि त्या तारेचा एक जादा नग असावा. ती तार नेहमी त्याच दिवशी तुटते. मल्चिंग पेपर खिडकीच्या मापाने कापून, गुंडाळी करून, वर खोली क्रमांक लिहून ठेवावा.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा भरली की पाऊस थांबलेला असतो आणि दहावीच्या सराव परीक्षांना वेळ असतो. तेव्हा आठवीच्या एका तुकडीपासून सुरुवात करावी, अहमदच्या चित्रपटाने. त्याच्या सूत्रधाराचे कागद आणि वेळेचा तक्ता आम्ही तयार ठेवला आहे. जी शाळा मागेल तिला देऊ, आणि पहिल्या खेळाला आमच्यातला एक जण मागच्या कोपऱ्यात बसायला येईल.

आपले,
मुलांना चित्रपट दाखवण्याचं काम करणारे काही शिक्षक आणि चित्रपट-अभ्यासक,
सांगली-मिरज